दहावीनंतरची सुट्टी कुणाच्या बापाची?

१७ मार्च २०२५ ला दुपारी भूगोलाचा पेपर सुटला आणि दहावीची परीक्षा संपली. दोन दिवसांनी रंगपंचमी होती, म्हणजे वाईजवळच्या बावधनचं बगाड. सातारा जिल्ह्यातल्या पोराला सुट्टी सुरू करायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही. पण साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत दरवर्षी या सुमाराला जे फ्लेक्स लागतात, ते पाहिले तर वाटतं की सुट्टी नावाचा प्रकारच कुणीतरी कॅलेंडरमधून काढून टाकलाय. अकरावी सायन्सची फाउंडेशन बॅच सुरू. जागा मर्यादित. वर मागच्या टॉपर पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली मोबाइल नंबर.

माझं म्हणणं सरळ आहे. दहावीचा शेवटचा पेपर आणि अकरावीचा पहिला दिवस यांच्यामधले तीन-साडेतीन महिने त्या मुलाचे आहेत. क्लासवाल्यांचे नाहीत, आईबापाचे नाहीत, आणि 'बघा, ही बघा कुठं पोचली' म्हणून स्टेजवर बसवल्या जाणाऱ्या माझ्यासारख्या ताई-दादांचेही नाहीत. ते काढून घेताना जी कारणं दिली जातात ती बहुतेक पोकळ आहेत, आणि जी पोकळ नाहीत त्यांच्यावर क्लास हे उत्तर नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय अठ्ठावीस, गाव कोरेगाव तालुक्यातलं, शिक्षण साताऱ्यात आणि मग सांगलीत, नोकरी पुण्यात. त्यामुळे 'तुझं झालंय आता, तुला काय जातंय बोलायला' हे मला ऐकावं लागणार. ऐकून घेते. पुढे बोलू.

माझी मावशी तासगाव तालुक्यात असते. तिच्या मुलीची, माझ्या मावसबहिणीची, दहावी झाली २०२५ ला. १७ ला पेपर संपला, २४ ला बॅच सुरू. एप्रिलमध्ये मावशीचा फोन आला. "आगं, रोज रडतीया ती. तू इंजिनिअर झालीस नव्हं, मग तूच सांग की तिला जरा." मी विचारलं, अकरावी कधी सुरू होणार आहे? "ते काय अजून कुणालाच म्हाईत न्हाई." दहावीचा निकाल लागायचा होता. कॉलेज ठरायचं होतं. सायन्सच घ्यायचं का, हे त्या पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. पण सायन्सचा क्लास महिनाभर होऊन गेला होता आणि फीचा पहिला हप्ता बेदाण्याच्या पट्टीतून गेला होता.

मावशीने क्लासचं पत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचते आणि त्यातल्या फटी शोधते, त्यामुळे पत्रकही तसंच वाचलं. त्यात तीन बॅच होत्या. एक मार्चअखेरीस सुरू होणारी, एक मेमध्ये, एक निकालानंतर जूनमध्ये. तिन्ही बॅचचा पोर्शन एकाच महिन्यात संपणार होता. तिघांची टेस्ट सिरीज एकाच दिवशी सुरू होणार होती. फी मात्र पहिल्या बॅचची सगळ्यात जास्त.

आता यातून दोनच अर्थ निघतात. जूनमध्ये येणाऱ्या पोरांचा पोर्शन खरोखर पूर्ण होत असेल, तर मार्चमधल्या पोरांना तीन महिने काय विकलं? आणि जूनवाल्यांचा पूर्ण होत नसेल, तर त्यांच्याकडून फी कशी घेता? प्रत्यक्षात काय झालं ते बहिणीने सांगितलं. मार्चमध्ये फिजिक्सचा पहिला धडा घेतला: एकके आणि मापन, मग सदिश. जूनमध्ये नवी पोरं आली तेव्हा 'रिव्हिजन' म्हणून पुन्हा एकके आणि मापन, पुन्हा सदिश. म्हणजे मावशीच्या बागेतले तेवढे बेदाणे एका धड्यासाठी गेले, जो धडा जूनमध्ये तसाही होणार होता.

'पण स्पर्धा किती आहे बघ की.' बघूया. २०२५ ला नीट दिली सुमारे २२ लाख पोरांनी. पात्र ठरले १२ लाख ३६ हजारांवर. देशात तेव्हा एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. हे आकडे क्लासवालेच सेमिनारमध्ये दाखवतात आणि आईबाप घाबरतात. पण नीट बघितलं तर हे आकडे क्लासच्या विरोधात बोलतात. जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांनी तीन महिने आधी सुरुवात केली म्हणून एक जागा वाढत नाही. कुंडलच्या कुस्ती मैदानात पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात. थोड्या वेळाने अख्खं मैदान उभं असतं, कुणालाही आधीपेक्षा जास्त दिसत नसतं, आणि पाय सगळ्यांचे दुखत असतात. फरक एवढाच की मैदानात उभं राहायचे कुणी पैसे घेत नाही.

आणि सगळ्याच परीक्षा काही नीट नाहीत. आपल्याकडची बहुतेक पोरं ज्या एमएचटी-सीईटीवरून इंजिनिअरिंगला जातात, तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आहे, बारावीच्याला ८०. अकरावीच्याही आधीच्या एप्रिल महिन्याचं वजन किती ते तुम्हीच काढा.

एक गोष्ट मला फार खटकते. आमच्या क्षेत्रात नोकरी बदलताना एक सल्ला प्रत्येक सीनिअर देतो: जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस आणि नव्या कंपनीतला पहिला दिवस यांच्यात पंधरा दिवस ठेव. कुणी गोव्याला जातं, कुणी गावी जाऊन नुसतं झोपतं. एचआरसुद्धा हसून हो म्हणतं. ही पस्तीस वर्षांची माणसं आहेत, एका एसी ऑफिसातून दुसऱ्या एसी ऑफिसात निघालेली, तेच काम करायला. त्यांच्या पंधरा दिवसांना कुणी वाया गेले म्हणत नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर, जे दहा वर्षांच्या शाळेतून, त्या मित्रमैत्रिणींतून, त्या बाईंच्या आवाजातून, कधी कधी स्वतःच्या भाषेतूनसुद्धा बाहेर पडतंय, त्याला म्हणायचं की सोमवारी सकाळी सातला बॅच आहे.

भाषेचं मुद्दाम सांगते, कारण पुण्या-मुंबईत हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडची असंख्य पोरं मराठी माध्यमातून दहावी करतात आणि सायन्सला गेल्यावर एका दिवसात इंग्रजीत येतात. काल जे त्वरण होतं ते ॲक्सलरेशन होतं, संवेगाचं मोमेंटम होतं, अपवर्तनाचं रिफ्रॅक्शन. काहींना सेमी-इंग्रजीचा आधार असतो, सगळ्यांना नसतो. मी स्वतः अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गात एक प्रश्नही विचारला नाही, कारण प्रश्न मराठीत तयार व्हायचा आणि इंग्रजीत फुटायचा नाही. क्लासवाले म्हणतात, म्हणूनच आधीपासून या. पण तिथे भाषेचा पूल बांधत कोण बसतंय? पहिल्या दिवसापासून फळ्यावर सूत्रं, पहिल्या रविवारी टेस्ट. जी पोरगी बावचळते ती तीन महिने आधी बावचळते, आणि नव्या कॉलेजची पायरी चढायच्या आधीच 'आपल्याला जमत नाही' हे शिकून येते. पुढे सगळ्यात महागात पडतं ते हेच.

या टेस्टचे मार्क संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर येतात, नावासकट, उतरत्या क्रमाने. ज्या परीक्षेला अजून दोन वर्षं आहेत तिच्या सराव परीक्षेतले मार्क. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एक सतरा वर्षांची मुलगी नीटच्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून वडिलांच्या मारहाणीत गेली. नाव-गाव मी लिहिणार नाही. आपल्या जिल्ह्यातली बातमी म्हणून आपण ती चार दिवस फॉरवर्ड केली, हळहळलो, आणि पाचव्या दिवशी ग्रुपवर पुन्हा मार्कांची यादी आली. त्या घटनेला क्लास जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. मारणारा हात घरचाच होता. पण सराव परीक्षेतल्या एका आकड्याला एवढं वजन कुणी आणलं, हे तरी विचारायला हवं.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्यांना घ्यायचं नाही, नोंदणी दहावीची परीक्षा झाल्यावरच. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याला सुट्टी हवी, रँकची हमी देणाऱ्या जाहिराती नकोत. वाचायला छान आहे. 'दहावीची परीक्षा झाल्यावरच' हे शब्द तर आमच्याकडे इतके मनावर घेतलेत की पेपर संपल्याची शाई वाळत नाही तोवर नोंदणी. कागदावर सगळं नियमात. राज्य सरकारनेही २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी आणायचा निर्णय काढला होता, 'इंटिग्रेटेड'चा धंदा मोडायला. इंटिग्रेटेड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाव एका कॉलेजच्या पटावर, पोर दिवसभर क्लासच्या इमारतीत. प्रॅक्टिकलला तेवढं कॉलेज बघायचं. आजही इंटिग्रेटेडची पत्रकं उघड वाटली जातात, तेव्हा त्या निर्णयाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नव्या शाळेच्या आधीची सुट्टी तर गेलीच, पण नवी शाळाही गेली. पहिला दिवसच नाही. नवा वर्ग, मागच्या बाकावर कोण बसणार याची झटापट, कँटीन, गॅदरिंग, कॉलेजच्या गेटवर उगाच थांबणं, लायब्ररीत पहिल्यांदा आपल्या नावाचं कार्ड. त्या जागी मार्चमध्ये सुरू झालेली एकच लांब ट्यूब, जिच्यातून पोर दोन वर्षांनी बाहेर पडतं.

या सगळ्यात सरकारचा वाटा छोटा नाही. काही मोठ्या शहरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाली. म्हणजे माणमधल्या पोरानेही त्याच पोर्टलवर जायचं. दहावीचा निकाल १३ मेला लागला, नेहमीपेक्षा लवकर, चांगलं झालं. २१ मेला पोर्टल सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कोसळलं. प्रक्रिया थांबवून २६ मेला पुन्हा सुरू केली. (त्याच दिवशी मान्सून मुंबईत पोचला, कधी नव्हे इतक्या लवकर. पाऊस वेळेच्या आधी येऊ शकतो, पोर्टल नाही. माझ्या व्यवसायाची लाज वाटते ती अशा वेळी. लाखो लोक एकाच सकाळी येणार हे माहीत असताना लोड टेस्टिंग करायचं असतं, हे आमच्याकडे इंटर्नलाही माहीत असतं.) पहिली गुणवत्ता यादी लागली २८ जूनला, आणि पुढच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालू होत्या. मार्च ते ऑगस्ट पोराला माहीतच नाही की आपण कुठे जाणार. अशी अधांतरी महिने असली की तिथे दुकान टाकणारा येणारच.

आणि ही भीती कशाची होती? त्या वर्षी दहावी पास झाले सुमारे साडेचौदा लाख, ९४.१० टक्के. राज्यात अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांच्या आसपास. पोरं कमी, जागा जास्त. एकही पोर अकरावीविना राहण्याचं कारण नव्हतं. तरीही मे महिन्यात घरोघरी वातावरण असं की जणू कुठेच जागा नाही. ठरावीक दहा-वीस कॉलेजांच्या कटऑफचं टेन्शन अख्ख्या राज्याने घेतलं.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकते, कारण मावशीला वेडी म्हणणं सोपं आहे आणि ती वेडी नाही.

तिचं पहिलं म्हणणं: मोकळं सोडलं तर मोबाइलच बघत बसतात. खरंय. २०१३ ला माझी दहावी झाली तेव्हा घरात एक साधा फोन होता आणि त्यात सापाचा गेम. आज हातात अख्खं जग आहे आणि त्यातला बराचसा भाग रील आहेत. पण क्लासने मोबाइल सुटतो का? क्लासच्या नोट्स ॲपवर, डाउट व्हॉट्सअॅपवर, लेक्चरचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर. पोरगी फोन मागते आणि म्हणते 'अभ्यासासाठी'. मोबाइलवर उपाय हवा असेल तर तो सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरांचे आणि मोठ्यांचेही. ग्रामपंचायतीने ठरवलं, घरोघरी समजावलं, देशभर बातम्या झाल्या. फीचा एकही हप्ता लागला नाही. माझ्या मावशीच्या घरात मात्र संध्याकाळची मालिका चालू असताना पोरीला सांगितलं जातं, फोन ठेव.

दुसरं म्हणणं: नदी, विहीर, गाड्या. दर मेमध्ये बुडाल्याच्या बातम्या येतात, त्याही खोट्या नाहीत. पण विहिरीची भीती असेल तर पोहायला शिकवायचं असतं. मी त्याच २०१३ च्या मेमध्ये, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून, मामाच्या विहिरीत शिकले. मामा कठड्यावर बसून शिव्या देत होता. त्या विहिरीत शिकलेलं अजून विसरले नाही. सदिश दोनदा शिकवलेले, दोनदा विसरले.

तिसरं म्हणणं सगळ्यात जड आहे. "शेतीत काय राह्यलंय? अवकाळी आला की बाग गेली. पोरगी तरी सुटू दे यातनं." याला माझ्याकडे खोडून काढायला काही नाही. द्राक्षबागेचं कर्ज काय असतं ते मला दुरूनच माहीत आहे, तिला जवळून. क्लासची फी हा तिच्यासाठी विमा आहे. मी तिला एवढंच म्हणेन की विमा विकणाऱ्यानेच दुष्काळाचा अंदाज सांगितला तर जरा तपासून घ्यावा. जूनची बॅच घेतली असती तरी तोच विमा कमी हप्त्यात मिळाला असता.

आणि एक म्हणणं मावशी बोलत नाही, पण मुली बोलतात. घरी राहिलं की सुट्टी नसतेच. भावाची सुट्टी म्हणजे क्रिकेट, बहिणीची सुट्टी म्हणजे भाकरी, धुणं, बेदाणा निवडायला शेडवर. त्यापेक्षा क्लास बरा, तिथे निदान मैत्रिणी भेटतात. वर लग्नाचा विषय निघाला की 'ती क्लासला जाते' हे उत्तर तयार असतं. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. अशा ठिकाणी क्लास हा काही मुलींचा आडोसा आहे, हे मला मान्य आहे. मग प्रश्न हा की मुलीला दिवसातले चार तास घराबाहेर, कामाविना, सुरक्षित बसायला मिळावेत म्हणून आपण फिजिक्सचं निमित्त का शोधतो? साताऱ्यातच भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत मराठी पुस्तकं, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. पर्यटक जाऊन फोटो काढतात. मार्च ते जून आपल्या जिल्ह्यांतल्या किती शाळांची लायब्ररी आणि मैदान दहावी झालेल्या मुलींसाठी उघडं असतं? शाळा म्हणते, त्या आता आमच्या नाहीत. कॉलेज म्हणतं, अजून आमच्या नाहीत. फक्त क्लास म्हणतो, या.

सुट्टी म्हटलं की लोक आंबे, सूरपारंब्या आणि आजीच्या गोष्टी काढतात. ते मला करायचं नाही. २०१३ चा उन्हाळा दुष्काळाचा होता. मी विहिरीत पोहत होते तेव्हा माण-खटावकडची माझ्या वयाची पोरं जनावरांबरोबर चारा छावणीत राहत होती. सुट्टी कधीच सगळ्यांना सारखी मिळाली नाही. पण जिला मिळाली नाही तिचं दुःख सांगून जिला मिळतेय तिची काढून घेणं, हा न्याय कुठला? आणि छावणीत दोन महिने राहिलेल्या पोराला जग जेवढं कळलं तेवढं एसी हॉलमध्ये कळत नाही, हेही खरं.

कामाचंच म्हणाल तर साताऱ्याला कुणी शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथली पोरं स्वतः रांधायची, शेतात राबायची आणि शिकायची. खुद्द कर्मवीर आधी साताऱ्यात शिकवण्या घेत. त्यामुळे शिकवणी या शब्दाशी माझं भांडण नाही. गणित अडलं तर शिकवणी लावावी. ज्याला काही अडलेलंच नाही, कारण ज्याची शाळाच अजून सुरू झालेली नाही, त्याला शिकवणी कसली?

बाहेर काय चालतं ते दोन वाक्यांत. आयर्लंडमध्ये दहावीसारख्या परीक्षेनंतर, बरोबर याच वयात, पोरांना 'ट्रान्झिशन इयर' घेता येतं: बोर्डाच्या परीक्षेचं ओझं नसलेलं एक अख्खं वर्ष, १९७४ पासून. आणि क्लासच्या बाबतीत आपल्याला शिकवणी देईल अशा दक्षिण कोरियाने २०१६ पासून देशभरातल्या माध्यमिक शाळांत लेखी परीक्षेशिवायचं एक सत्र आणलं. तिथे क्लास संपले असं नाही, आणि मी वर्ष मागत नाहीये. सत्रही नाही. जे तीन महिने कॅलेंडरमध्ये आधीच आहेत ते तसेच राहू द्या, एवढंच.

त्यासाठी करायचं काय, तर सरकारने अकरावीचा पहिला दिवस दहावीच्या हॉल तिकिटावर छापावा. तारीख ठरलेली असली की भीती निम्मी होते. आणि तो दिवस पाळावा, पोर्टल पडलं तरी. क्लासने पत्रकावर प्रत्येक बॅचच्या सुरुवातीबरोबर पोर्शन संपायची तारीखही छापावी, शेजारी शेजारी, म्हणजे मावशीला माझ्यासारखी भाची नसली तरी हिशेब दिसेल. मार्कांच्या याद्या ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. आणि माझ्या वयाच्या इंजिनिअर मंडळींनो, क्लासच्या 'मोटिव्हेशनल सेशन'ला बोलावलं तर जायच्या आधी स्वतःला विचारा की तुम्ही दहावीनंतर मार्चमध्ये कुठे होता. माझ्या बॅचची बहुतेक पोरं मामाच्या गावी होती. स्टेजवर हे सांगून बघा, पुढच्या वर्षी बोलावतात का.

दहावी दिलेल्यांनी हे वाचलं तर: तुम्हाला सायन्स हवं असेल, खरंच हवं असेल, तर जुलैमध्ये सुरू करूनही होतं. तोवर एकटीने एसटीने कुठेतरी जा. कराडला गाडी बदला. पैसे मोजून घ्या. कंटाळा आला तर येऊ द्या. दहा वर्षं प्रत्येक तासाला घंटा वाजली, आता कुणी वाजवत नसताना आपण काय करतो ते पहिल्यांदाच कळतं, आणि त्यावरून पुढे काय शिकायचं याचा थोडा अंदाज येतो.

बहिणीला सुट्टी मिळाली ती जूनच्या शेवटी, चार दिवस. क्लासच्या इमारतीत वायरिंगचं काम निघालं म्हणून. पहिले दोन दिवस ती झोपली. मावशी घाबरून गेली, ताप तर नाही ना म्हणून दोनदा हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी ती शाळेतल्या मैत्रिणीबरोबर औदुंबरला गेली, कृष्णेच्या घाटावर बसून दोघींनी भेळ खाल्ली आणि संध्याकाळी उशिरा आल्याबद्दल बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी रात्री तिने मला फोन केला. आवाज बारीक केला होता, शेजारच्या खोलीत मावशी होती. "ताई, आर्ट्सला नक्की काय काय विषय असतात गं?"

मी सांगितलं. इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल. भूगोल म्हटल्यावर ती म्हणाली, "तो पेपर मला सोपा गेला होता." पसंतीक्रमाचा फॉर्म तोवर भरून झाला होता. दहाच्या दहा कॉलेजं सायन्सची.